हुशार मुलाने वर्गात काय करायचे?

शाळेच्या शिक्षकखोलीत ज्या मुलांविषयी बोलणे निघते ती बहुधा मागे पडलेली मुले असतात. वाचता न येणारे, भागाकारात अडकणारे, आठवड्यातून तीन दिवस गैरहजर राहणारे. त्यांची काळजी वाटणे योग्यच आहे आणि त्यांच्यासाठी उपचारात्मक वर्ग, प्रगत शाळा अशा योजनाही येत-जात असतात. फळ्यावर उदाहरण लिहून पुरे होण्याआधीच ज्याने उत्तर वहीत मांडून पेन खाली ठेवलेले असते, त्या मुलाविषयी मात्र एवढेच म्हटले जाते की "त्याचं काय, तो आपला आपण शिकतो." या वाक्याची तपासणी आम्हाला येथे करावयाची आहे. ते खरे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

अशा मुलाच्या बाबतीत वर्गात जे घडते त्याचे चार प्रकार आम्हाला दिसतात. पहिला प्रकार म्हणजे आणखी तशीच दहा उदाहरणे देणे. हा शिक्षेचाच एक सौम्य प्रकार आहे. लवकर संपवले की जास्त काम मिळते, हे चाणाक्ष मूल महिन्याभरात ओळखते आणि मग सावकाश लिहू लागते. दुसरा प्रकार म्हणजे त्याला वर्गप्रमुख करून वह्या तपासायला लावणे. तिसरा, मागे पडलेल्या दोघांना शिकवायला बसवणे. हा प्रकार अधूनमधून चांगला. समजावून सांगताना स्वतःचे समजणेही पक्के होते. रोजचाच झाला की ते मूल फुकटचा साहाय्यक शिक्षक बनते आणि त्याचे स्वतःचे शिकणे थांबते. चौथा प्रकार पुढच्या इयत्तेचे पुस्तक आणून देण्याचा. सातवीच्या मुलाने आठवीची सूत्रे पाठ केली म्हणजे तो अधिक विचार करू लागला असे होत नाही. पुढच्या वर्षी त्याला वर्गात दुप्पट कंटाळा येतो, एवढे मात्र नक्की.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवणे बरे. अकोल्यापासून सुमारे वीस किलोमीटरवरचे बार्शीटाकळी घेऊ. तालुक्याचे ठिकाण. मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांच्या शाळा. आसपास बंजारा तांडे. शेतात कपाशी, सोयाबीन, तूर. तालुक्यातच महान येथे काटेपूर्णा नदीवरचे धरण, ज्याचे पाणी अकोला शहर पिते. अशा तालुक्यातील एखाद्या शाळेत सातवीत असलेल्या हुशार मुलीसाठी समाजाने आजवर कोणकोणत्या वाटा तयार केल्या?

पहिली वाट तिला वर्गातून बाहेर काढून दुसरीकडे नेण्याची. या वाटेचा इतिहास वऱ्हाडाच्या अगदी जवळून जातो. नवोदय विद्यालयांची योजना प्रयोग म्हणून १९८५-८६ मध्ये सुरू झाली तेव्हा देशात दोनच विद्यालये निघाली; एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती देशभर नेली आणि आज अशी साडेसहाशेच्या वर विद्यालये आहेत. ग्रामीण मुलांसाठी किमान तीन चतुर्थांश जागा, निवासाची आणि शिक्षणाची सोय. ज्या घरात पुस्तके विकत घेणे परवडत नव्हते तेथील मुले या विद्यालयांतून पुढे गेली, आणि या कामाचे मोल कमी लेखावे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. पण हिशेब करून पाहावा. एका विद्यालयात सहावीला साधारण ८० जागा. अकोला जिल्ह्यात तालुके सात. सरासरीने एका तालुक्याच्या वाट्याला अकरा-बारा मुले. बार्शीटाकळीसारख्या तालुक्यात सहावीत जाणाऱ्या मुलांमध्ये अकरा-बाराच हुशार असतात असे कोणी म्हणणार नाही. तेरावे मूल कुठे जाते? ते आपल्याच वर्गात, आपल्याच समोर बसलेले असते.

नवोदयच्या मूळ कल्पनेत आणखी एक गोष्ट होती. ही विद्यालये आसपासच्या शाळांसाठी केंद्र व्हावीत, आपले अनुभव व साधने त्यांच्याशी वाटून घ्यावीत, असे त्यांच्या उद्दिष्टांतच म्हटले आहे. योजनेचा हा भाग आमच्या मते सर्वांत मोलाचा होता आणि तोच सर्वांत दुबळा राहिला. प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारी पुस्तके गावोगाव पोहोचली. नवोदयमधील शिकवण्याची पद्धत तितकी पोहोचली नाही.

दुसरी वाट परीक्षेची. शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांनी दिली. ती आधी चौथी व सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला गेली आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला. इयत्ता कोणती असावी यावर भरपूर चर्चा झाली. प्रश्न कसे असावेत यावर तिच्या चौथाईनेही झाली नाही. चार पर्यायांतून एक निवडायचा आणि तो घड्याळाशी शर्यत करत निवडायचा, या पद्धतीत चपळाई कळते. एकाच प्रश्नापाशी दोन दिवस थांबण्याची चिकाटी तिच्यातून कळत नाही, आणि विज्ञानात तर हीच चिकाटी लागते. १९६३ मध्ये सुरू झालेली आणि २०२१ नंतर थांबलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षाही याला फारशी अपवाद नव्हती. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून चालवलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेच्या पुढे प्रात्यक्षिक आणि प्रकल्प ठेवले आहेत, हे तिचे वेगळेपण. मात्र तिच्याही लेखी टप्प्यासाठी आता शिकवण्या निघाल्या आहेत. जिथे परीक्षा तिथे गाइड, हा आपल्याकडचा नियम न्यूटनच्या नियमांइतकाच पक्का दिसतो.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा जो गंभीर विचार केला, त्यात निवडीबरोबरच काय शिकवावे आणि कशासाठी शिकवावे हाही विचार होता. त्या विचारातून बरेच घेण्यासारखे आहे. पण निवडक मुलांचा वर्ग आणि सर्वांचा वर्ग यांत फरक आहेच. बार्शीटाकळीच्या शिक्षकापुढे सर्वांचा वर्ग आहे.

आणि "हुशार कोण" हे तरी आपण कसे ठरवतो? अमेरिकेत टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बुद्धिमान मुलांचा एक मोठा अभ्यास सुरू केला. बुद्धिमापन चाचणीने सुमारे दीड हजार मुले निवडली आणि ती म्हातारी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. त्या चाचणीत दोन मुलगे मागे राहिले होते: विल्यम शॉक्ली आणि लुई अल्वारेझ. एकाला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही ते मिळाले नाही. नोबेल हेच हुशारीचे माप असे आम्ही मानत नाही. पण एका चाळणीवर सगळी भिस्त ठेवली तर काय निसटते, हे यातून दिसते.

आपल्याकडे ती चाळणी बहुतेक वेळा भाषेची असते. घरी वऱ्हाडी बोलणारे, तांड्यावर गोरबोली बोलणारे मूल पुस्तकी मराठीतला प्रश्न वाचताना अडखळते आणि आपण समजतो की गणितात अडखळले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले, ते या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. मुलांची अडचण बुद्धीची नसून बऱ्याच अंशी पाठ्यपुस्तकाच्या भाषेची आहे, हे त्यांनी दाखवले आणि भाषेकडे लक्ष पुरवून त्याच मुलांना चांगले यश मिळवून दिले. म्हणून आमचा पहिला आग्रह असा की आव्हान देणारा प्रश्न आधी सगळ्या वर्गाला द्यावा. कोण पुढे जाते ते मग पाहावे. आधी "हुशार" गट पाडून त्यालाच अवघड प्रश्न दिला, तर ज्याची हुशारी आपल्याला अजून दिसलेली नाही ते मूल कायमचे बाहेर राहते.

असा प्रश्न कसा असतो? उंबरठा बुटका आणि छत उंच. पाठ्यपुस्तकात उदाहरण असते: लांबी ८ सेंमी, रुंदी ५ सेंमी, तर आयताची परिमिती काढा. उत्तर २६ सेंमी, प्रश्न संपला. तोच उलटा करावा. परिमिती २६ सेंमी असलेले आयत किती? पूर्ण सेंटीमीटरच्या बाजू घेतल्या तर सहा सापडतात, आणि ते शोधताना वर्गातील प्रत्येक मूल परिमितीचा सराव करतेच. त्यांत सर्वांत मोठे क्षेत्रफळ कोणत्या आयताचे? सात गुणिले सहा, म्हणजे ४२. अपूर्णांक चालत असतील तर? साडेसहाचा चौरस, ४२.२५. येथे "चौरस हा आयत आहे का" यावरून वर्गात भांडण व्हायला हवे. नाही झाले तर लावून द्यावे. मग पुढे: २६ मीटर तारेचे कुंपण घालायचे आहे, पण एका बाजूला घराची भिंत आहे, तिकडे तार नको. जास्तीत जास्त जागा कशी अडवाल? येथेही चौरसच येईल असे हुशार मुले ठामपणे सांगतात. बाजू ६ मीटर आणि समोरची १४ मीटर घेतली तर ८४ चौरस मीटर. ७ आणि १२ घेतली तरी ८४. दोन्ही सारखी कशी? मधे काहीतरी दडले आहे, हे ज्याच्या लक्षात येते ते मूल साडेसहा आणि तेरापाशी, म्हणजे ८४.५ पाशी पोहोचते. आकृती चौरसाऐवजी चौरसाच्या अर्ध्याची निघते. का? भिंत आरसा आहे अशी कल्पना केली तर उत्तर दिसते. पुढच्या इयत्तेचे एकही सूत्र येथे लागले नाही.

या बाबतीत आपल्या घरातलाच दाखला द्यायचा तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते. त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलेली ६१७४ ही संख्या आता जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजाबाकी करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. आणि पुढे ती हलतच नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथे येऊन थांबते. वजाबाकीत कच्च्या असलेल्या मुलाला सरावाची कितीतरी उदाहरणे विनातक्रार करायला लावणारा हा खेळ आहे. आणि पुढे जाणाऱ्या मुलाला? तीन अंकी संख्या घेऊन पाहा: सगळ्या ४९५ वर थांबतात. हे तर सातवीचे मूल सिद्धही करू शकते, कारण वजाबाकीत मधला अंक उडून जातो आणि उरतो ९९ चा पट. दोन अंकी संख्या मात्र थांबत नाहीत. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फिरत राहतात. असे का, हा प्रश्न बरेच दिवस पुरतो. आपल्याकडील गणितज्ञांनी कापरेकरांना फार मानले नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले तेव्हा इकडे त्यांची आठवण झाली. ते असो.

विज्ञानात हेच करायचे तर शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी उभी रोवावी. ओळंबा लावून ती सरळ आहे याची खात्री करावी आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी. पाठ्यपुस्तकात सावलीचा धडा असतो. तो "सकाळी लांब, दुपारी आखूड" येथे संपतो. बार्शीटाकळीचा अक्षांश सुमारे २०.६ अंश उत्तर आहे. २२ डिसेंबरला तेथे मध्यान्हीची सावली जवळजवळ ९७ सेंमी येते, म्हणजे काठीइतकीच. २१ मार्चला ती साधारण साडेसदतीस सेंमी होते. एवढे मोजणे चौथीच्या मुलालाही जमते. आता विचारावे, सावली पूर्ण नाहीशी कधी होईल? बहुतेक मुले डिसेंबर आणि मार्च हे दोन बिंदू आलेखावर सरळ रेषेने जोडून पुढे नेतात आणि १६-१७ मे अशी तारीख काढतात. खरा शून्यसावलीचा दिवस तेथे २३-२४ मेच्या सुमारास येतो. आठवडाभराची चूक कुठून आली? दर आठवड्याच्या नोंदी असतील तर दिसते की सावली रोज सारखी घटतच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये भराभर, डिसेंबरात जेमतेम. म्हणजे दोन बिंदूंवर भागत नाही. मोजमापाने शिकवलेला हा धडा कोणत्याही व्याख्येपेक्षा पक्का बसतो.

शाळा जूनअखेर उघडते तेव्हा आणखी एक गंमत असते. पावसाचे ढग जरा फाटले तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीची सावली चारेक सेंमीची पडते आणि ती दक्षिणेला पडते! वर्षभर उत्तरेला पडणारी सावली उलटली कशी? कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे हे भूगोलात पाठ केलेले वाक्य तेव्हा कुठे कामी येते.

आणि छत आणखी उंच आहे. सावली सर्वांत आखूड होते ती बरोबर बारा वाजता नव्हे. ज्या मुलाच्या हातात घड्याळ आहे त्याला हे पहिल्याच दिवशी खटकते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची. बार्शीटाकळी ७७ अंशांच्या जरा पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून सुमारे बावीस मिनिटांचा फरक. नववीच्या मुलाला हा हिशेब जमतो आणि तो खूश होतो. त्याला तसेच खूश राहू द्यावे आणि नोंदी मात्र चालू ठेवाव्यात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२ वाजून ५ मिनिटांनी येते, डिसेंबरच्या २२ तारखेला १२ वाजून २० मिनिटांनी आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ३६ मिनिटांनी. गाव तर जागचे हलले नाही! पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेपर्यंत आणि तिच्या कललेल्या अक्षापर्यंत ही वाट जाते. दहावीच्या मुलांपैकी एखादेच तिथवर जाईल. पण काठी एकच आहे आणि सगळा वर्ग तिच्याभोवती उभा आहे, हा या पद्धतीचा मोठा गुण.

काठीच कशाला, महानच्या धरणाचे पाणी किती टक्के उरले हे उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येते. टक्के कशाचे? शून्य टक्के म्हणजे धरण कोरडे का? ती टक्केवारी वापरता येणाऱ्या साठ्याची असते. त्याखाली मृतसाठा असतोच. भिंतीवर पाणी निम्म्या उंचीला आले म्हणजे पाणी निम्मे उरले का? घरचे नरसाळे बोटाने बंद करून निम्म्या खोलीपर्यंत भरावे आणि मोजून पाहावे. शंकूच्या आकारात एक अष्टमांशच भरते. धरण काही शंकू नसते, पण प्रश्न कोणत्या दिशेला जातो ते कळते.

या सगळ्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते खोटे नाहीत. एक, वर्गात साठ मुले, पस्तीस मिनिटांचा तास आणि संपवायचा अभ्यासक्रम. होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने १९७२ पासून तीस वर्षे मध्य प्रदेशातील सरकारी शाळांत मुलांना प्रयोग करून शिकू दिले, ते याच अडचणींसह. पण तेथे शिक्षकांची प्रशिक्षणे होती, किट होते, आणि परीक्षाही त्याला अनुरूप बदलली होती. एकट्या शिक्षकाने सगळे विषय असे शिकवावेत ही अपेक्षा आम्ही करत नाही. पंधरवड्याला एक प्रश्न, तोही चालू धड्यातलाच उलटा केलेला, इतके बस झाले. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: मुलाने विचारले आणि आम्हालाच उत्तर आले नाही तर? फेब्रुवारीतल्या त्या ३६ मिनिटांचे कारण बहुतेक विज्ञान शिक्षकांनी कधी शिकलेले नसते. तशा वेळी प्रश्न तारखेसह वहीत लिहून ठेवावा आणि मुलासह आपणही शोधू लागावे. "हे आपल्याला परीक्षेला नाही" असे म्हटले की मूल पुढच्या वेळी विचारत नाही, आणि ज्याने विचारणे सोडले ते आपला आपण शिकत नाही.

सावलीच्या नोंदींची एक व्यावहारिक अडचण मात्र सांगून ठेवली पाहिजे. शून्यसावलीचा मेमधला दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो आणि दुसरा, २० जुलैच्या आसपासचा, बहुधा ढगांत जातो. सुट्टीत शाळेजवळ राहणाऱ्या दोघातिघांनी ते काम उचलावे लागते. एका वर्षात आलेख पुरा होत नाही. म्हणून वही मुलांच्या नावाची न करता काठीच्या नावाची करावी, आणि जूनअखेर शाळा उघडली की ती नव्या सातवीच्या ताब्यात द्यावी.